पंचवीस ग्रॅम प्रति लिटर: हिवतापाचं औषध बनवणाऱ्या यीस्टचं प्रकरण

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात आशाताईकडे गोळ्यांची पाच रंगांची पाकिटं असतात. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, तपासणीच्या पट्टीवर टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. फाल्सिपॅरम ह्या हिवतापाच्या घातक परजीवीची रेघ उमटली की वयाप्रमाणे पाकीट उचलायचं. तान्ह्या बाळाला गुलाबी, एक ते चार वर्षांच्या मुलाला पिवळं, पाच ते आठला हिरवं, नऊ ते चौदाला लाल आणि त्याच्या वरच्यांना पांढरं. रात्री कंदिलाच्या उजेडातही चूक होऊ नये म्हणून केलेली ही रंगांची सोय मला फार मोलाची वाटते.

त्या पाकिटातली मुख्य गोळी आर्टेसुनेटची. आर्टेसुनेट बनतं आर्टेमिसिनिनपासून, आणि आर्टेमिसिनिन येतं आर्टेमिसिया अ‍ॅनुआ नावाच्या झुडपाच्या पानांतून. आपण चैत्रात देवाला वाहतो तो, जोतिबाच्या यात्रेत गुलालाबरोबर दिसणारा दवणा ह्याच कुळातला. त्याची ही चिनी चुलत बहीण म्हणा.

हाच रेणू झुडपाऐवजी यीस्टकडून बनवून घ्यायचा प्रयत्न झाला. विज्ञान म्हणून तो पूर्ण यशस्वी झाला आणि कारखाना म्हणून दोन-तीन वर्षांत थांबला. मी किण्वनाच्या, म्हणजे सूक्ष्मजीव टाकीत वाढवून त्यांच्याकडून माल बनवून घेण्याच्या, कामात आहे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच प्रकरण वाचायला देतो. सूक्ष्मजीवांकडून उपयोगी रसायन बनवून घेण्यातल्या बहुतेक साऱ्या पायऱ्या इथे एका ठिकाणी सापडतात, आणि मुलं सहसा ज्याकडे पाहत नाहीत तो भागही इथे लपवता येत नाही.

पानातला रेणू

व्हिएतनामच्या युद्धात सैनिक बंदुकीच्या गोळीपेक्षा हिवतापानेच जास्त अंथरुणाला खिळत होते, आणि क्लोरोक्विन हे नेहमीचं औषध लागू पडेनासं झालं होतं. २३ मे १९६७ रोजी चीनने गुप्त संशोधन प्रकल्प सुरू केला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं प्रकल्प ५२३. तू यूयू ह्यांच्या गटाने जुन्या औषधी ग्रंथांतले शेकडो नुस्खे तपासले. ह्या झुडपाचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग ह्यांच्या ग्रंथात मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा असं लिहिलं होतं. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने औषध मरत असावं, हे तू यूयू ह्यांनी त्यावरून ताडलं. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासलेल्या १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांमधले परजीवी पूर्ण मारले.

ह्या औषधाची ताकद रेणूच्या बांधणीतच आहे. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून त्यात एक पूल तयार झालेला असतो. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि त्यातलं लोह मोकळं करतो. ते लोह ह्या पुलाला भिडलं की पूल तुटतो आणि त्यातून निघालेले कण परजीवीलाच जाळतात. म्हणजे परजीवी ज्यावर जगतो तेच त्याच्या अंगावर उलटतं. हा पूल यीस्टच्या गोष्टीत पुढे पुन्हा आडवा येणार आहे.

कांद्यासारखा भाव

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फाल्सिपॅरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त जोड-औषधांची शिफारस केली आणि मागणी एकदम वाढली. पण झुडपाला पेरणी, वाढ, कापणी, वाळवण आणि अर्क काढणं ह्यांतून औषधापर्यंत पोचायला वर्षभर आणि वरही काळ लागतो. पानांत आर्टेमिसिनिन असतं ते शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

पुढचं लासलगाव-पिंपळगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. टंचाई झाली, भाव चढले. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी एकदम लागवड केली. सगळ्यांचं पीक एकाच वेळी बाजारात आलं आणि भाव कोसळला. लोकांनी झुडूप उपटून दुसरं काही लावलं, की पुन्हा टंचाई. २००५ ते २००८ ह्या काळात आर्टेमिसिनिनचा भाव किलोला १२० डॉलर ते १२०० डॉलर एवढा वरखाली झाला. औषध बनवणाऱ्याला पुढच्या वर्षीची किंमत सांगता येत नव्हती आणि शेतकऱ्याला पेरू की नको हे ठरवता येत नव्हतं.

पावसावर आणि हंगामावर अवलंबून नसलेला दुसरा स्रोत हवा, हे म्हणणं ह्या परिस्थितीतून आलं. समस्या अस्थिर पुरवठ्याची होती, हे लक्षात ठेवा.

कालव्याचं पाणी वळवणं

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जे कीसलिंग हे रसायन-अभियंते त्या वेळी निराळ्याच खटपटीत होते. नेब्रास्कातल्या शेतावर वाढलेला हा माणूस जिवाणूंच्या चयापचयाकडे पाणीवाटपासारखं पाहायचा, असं त्यांचं काम वाचताना मला नेहमी वाटतं. २००३ मध्ये त्यांच्या गटाने ई. कोलाय जिवाणूत यीस्टचा एक अख्खा रासायनिक मार्ग बसवला, त्याच्या टोकाला झुडपाचं एक जनुक जोडलं आणि अमॉर्फाडाईन नावाचा रेणू मिळवला. आर्टेमिसिनिनकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो पहिला मुक्काम. त्याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमायरिस ही कंपनी काढली. डिसेंबर २००४ मध्ये गेट्स फाउंडेशनने ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. वाटणी अशी होती: मूलभूत संशोधन विद्यापीठाचं, स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा सुधारित वंश) आणि प्रक्रिया अमायरिसची, आणि ते औषधापर्यंत नेण्याची जबाबदारी वनवर्ल्ड हेल्थ ह्या ना-नफा औषधसंस्थेची.

पुढचं काम मुख्यतः यीस्टमध्ये झालं. आपण पावात वापरतो तेच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. यीस्टला स्वतःच्या पेशीभित्तीखालच्या पटलासाठी एर्गोस्टेरॉल लागतं, आणि ते बनवायचा मार्ग त्याच्याकडे जन्मतःच असतो. साखरेपासून अ‍ॅसिटिल-कोए, त्यापासून मेव्हॅलोनेट, त्यापासून पंधरा कार्बनचा एक रेणू, ज्याला आम्ही एफपीपी म्हणतो, आणि तिथून पुढे एर्गोस्टेरॉल. झुडूपही ह्याच एफपीपीपासून अमॉर्फाडाईन बनवतं. म्हणजे कालवा तयार आहे, पाणीही वाहतं आहे. आपल्याला फक्त एफपीपीच्या ठिकाणी एक नवी चारी काढायची आहे.

प्रत्यक्षात तीन कामं करावी लागली. वरून येणारं पाणी वाढवण्यासाठी मेव्हॅलोनेट मार्गातली यीस्टची स्वतःची जनुकं जोरात चालवली. नव्या चारीसाठी झुडपाचं अमॉर्फाडाईन बनवणारं जनुक घातलं. आणि एफपीपीला एर्गोस्टेरॉलकडे नेणारं ईआरजी९ हे जनुक दाबलं. इथे मुलं हमखास विचारतात, दाबायचं कशाला, काढूनच का नाही टाकलं? कारण एर्गोस्टेरॉल नसेल तर यीस्ट मरतं. दार बंद करून चालत नाही, किलकिलं ठेवावं लागतं. म्हणून त्या जनुकाला असा चालक, म्हणजे जनुक किती जोरात चालेल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा, जोडला की माध्यमात मेथिओनिन टाकलं की तो मंदावतो. पुढच्या स्ट्रेनमध्ये तेच काम तांब्याच्या क्षाराने केलं. आता दार किती उघडं ठेवायचं हे बाहेरून ठरवता येत होतं.

२००६ मध्ये ह्या यीस्टने थेट आर्टेमिसिनिक आम्ल दिलं, ज्यापासून पुढे आर्टेमिसिनिन बनवता येतं, लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम. जगभर बातम्या झाल्या. कारखान्याच्या दृष्टीने मात्र १०० मिलिग्रॅम म्हणजे एका टाकीभर पाण्यातून चमचाभर माल काढण्यासारखं आहे. तो वेगळा करायचा खर्चच मालापेक्षा जास्त.

अडलेली पायरी

लिटरला शंभर मिलिग्रॅमपासून पंचवीस ग्रॅमपर्यंतचा, अडीचशे पटींचा रस्ता सात वर्षांचा. ह्या प्रकल्पात सगळे मिळून दीडशे मनुष्यवर्षं खर्ची पडली, असा कीसलिंग ह्यांचा अंदाज आहे.

आधी त्यांनी यीस्टचा वंशच बदलला. प्रयोगशाळेत सवयीने वापरला जाणारा वंश सोडून सीईएन-पीके२ हा अधिक दणकट वंश घेतला. मार्गातली जवळजवळ सगळी जनुकं पुन्हा नव्याने बसवली. ही जनुकं गॅलॅक्टोज दिल्यावर चालू होणारी होती. गॅलॅक्टोज महाग असतं, टनावारी औषधासाठी ते परवडणारच नाही. म्हणून गॅलॅक्टोज नसताना ह्या जनुकांना रोखून धरणारं जीएएल८० हे जनुक उडवलं, आणि साध्या ग्लुकोजवर काम सुरू झालं. अन्नपुरवठ्यात इथेनॉल वापरून अमॉर्फाडाईन लिटरला ४० ग्रॅमच्या पुढे गेलं. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पण अमॉर्फाडाईन म्हणजे आर्टेमिसिनिक आम्ल नव्हे. मधली पायरी करतं पी-४५० जातीचं एक एन्झाइम. त्याला पटलात रुतून बसायला जागा लागते, आणि इलेक्ट्रॉन पुरवणारा एक जोडीदार लागतो, रिडक्टेज. नव्या वंशात अमॉर्फाडाईन उदंड होत होतं आणि आम्ल त्या मानाने फारच थोडं. शिवाय पी-४५० चालू केलं की पेशी मरायला लागायच्या.

इथे मी मुलांना वाचन थांबवून विचार करायला लावतो. बहुतेकांचं उत्तर असतं: इलेक्ट्रॉन कमी पडत असतील, रिडक्टेज वाढवा. अमायरिसच्या गटाने उलट केलं, रिडक्टेज कमी केलं. झुडपात रिडक्टेजचं प्रमाण पी-४५० पेक्षा बरंच कमी असतं. यीस्टमध्ये दोन्ही जोरात चालवल्यामुळे मोकाट सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून विषारी कण तयार होत असावेत. विटा झेलणारे कमी आणि टाकणारे जास्त झाले, की विटा डोक्यात पडतात. रिडक्टेजचा चालक मंद केला आणि पेशी जगू लागल्या. त्यानंतर झुडपाचंच सायटोक्रोम बी५ हे मदतनीस प्रथिन जोडलं, आणि उत्पादन चढलं.

तरी एक काटा राहिला होता. अमॉर्फाडाईनपासून आम्ल होताना मध्ये आल्डिहाइड तयार होतं, आणि ते पेशीला घातक. कॅनडात सॅस्कटूनच्या वनस्पती-संशोधन संस्थेतले लोक झुडपाच्या पानांवरच्या बारीक ग्रंथींचा अभ्यास करत होते. हा रेणू तिथेच तयार होतो. त्यांना तिथे आल्डिहाइडचं आम्ल करणारं एन्झाइम सापडलं होतं. ते आणि त्याच्या आधीच्या पायरीवरचं आणखी एक, अशी दोन एन्झाइमं यीस्टमध्ये आली. एकूण झुडपाची सहा जनुकं आता यीस्टमध्ये नांदत होती.

ह्या साऱ्यात मला सगळ्यात भावतो तो एक साधा प्रसंग. आम्ल इतकं तयार होऊ लागलं की ते पेशीबाहेर येऊन स्फटिकरूपाने साचायला लागलं. फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या टाकीत, स्फटिक म्हणजे नमुना घेताना कधी भरपूर येणार, कधी काहीच नाही, आणि आकड्यांचा भरवसा जाणार. त्यांनी माध्यमात आयसोप्रोपिल मिरिस्टेट नावाचं तेल घातलं. आम्ल त्या तेलात उतरलं, आणि तेल वेगळं केलं की माल हातात. एप्रिल २०१३ मध्ये आकडा जाहीर झाला: लिटरला २५ ग्रॅम.

हा आकडा टाकीपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रात्रपाळीला फर्मेंटरजवळ कान दिला तर हवेचा एकसारखा घरघराट ऐकू येतो, आणि निकासाच्या नळीजवळ पावाच्या भट्टीसारखा आंबूस वास असतो. पडद्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनची रेघ खाली चिकटलेली असते, कारण पेशी मिळेल तेवढा ऑक्सिजन ओढतात. अन्न संपलं की श्वास मंदावतो आणि ती रेघ झपकन वर उडी मारते. तेव्हा पंप चालू होऊन पुढचा घास जातो. जास्त दिलं तर यीस्ट ते वाया घालवतं, कमी दिलं तर उपाशी राहतं. असे दिवसामागून दिवस, आणि त्यात पेशीला न मानवणारं रसायन ती स्वतःच बनवत असताना. २५ ग्रॅममागे ही निगराणी आहे.

पूल आणि प्रकाश

यीस्ट आर्टेमिसिनिक आम्लापाशी थांबतं. तो ऑक्सिजनचा पूल बसवणारं काम त्याच्याकडून होत नाही, ते रसायनशास्त्रज्ञांना करावं लागतं. आधी हायड्रोजन जोडायचा, मग प्रकाशाने चेतवलेला ऑक्सिजन त्या रेणूवर सोडायचा, मग आम्लात ठेवायचं, की कड्या आपोआप मिटून आर्टेमिसिनिन तयार होतं. झुडपातही शेवटच्या पायऱ्या प्रकाशात, बहुधा एन्झाइमाविना घडतात असं मानलं जातं. म्हणजे सानोफी ह्या फ्रेंच औषधकंपनीने इटलीतल्या गारेसिओच्या कारखान्यात दिव्यांच्या प्रकाशात तेच केलं. किण्वन बल्गेरियात ह्युवेफार्मा ह्या कंपनीकडे, रसायन इटलीत. अमायरिसने तंत्र रॉयल्टी न घेता दिलं होतं आणि सानोफीने ना नफा ना तोटा ह्या दराने विकायचं मान्य केलं होतं. क्षमता वर्षाला ५० ते ६० टन, जगाच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ऑगस्ट २०१४ मध्ये ह्या आर्टेमिसिनिनपासून बनवलेले १७ लाख उपचार आफ्रिकेतल्या देशांकडे रवाना झाले.

२०१५ मध्ये तू यूयू ह्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी गारेसिओत आर्टेमिसिनिनचं उत्पादन शून्य होतं.

हिशेब कुठे चुकला

सानोफीचा ना नफा ना तोटा दर किलोला ३५० ते ४०० डॉलर होता. झुडपाच्या आर्टेमिसिनिनचा भाव तोवर २५० डॉलरच्या खाली आला होता. लागवड मुबलक झाली होती. २०१६ मध्ये सानोफीने गारेसिओचा कारखाना ह्युवेफार्माला विकायला काढला.

ह्या प्रकरणावर दोन प्रकारचं लिहिलं जातं. एकात जनुक-अभियांत्रिकीचा विजय असतो, दुसऱ्यात फुगा फुटलेला असतो. मला दोन्ही पटत नाहीत. विज्ञानात काही चुकलं नाही. चूक झाली ती यशाची मोजपट्टी निवडताना.

सुरुवातीला दुखणं होतं अस्थिर पुरवठ्याचं. नंतर यीस्टकडून अपेक्षा झाली ती स्वस्त मालाची. ह्या दोन्ही गोष्टी एक नाहीत. पुरवठा स्थिर ठेवणाऱ्याचं मोल टंचाईच्या वर्षी असतं. सुकाळाच्या वर्षी तो महागच दिसणार. सरकार कांद्याचा बफर साठा करतं, तेव्हा मुबलक वर्षात तो साठा तोट्यातच असतो, तरीही त्याची किंमत कुणीतरी उचलतं. यीस्टच्या आर्टेमिसिनिनसाठी, भाव काहीही असो पण वर्षाला अमुक टन आम्ही घेऊच, असा दीर्घ मुदतीचा करार पुरेशा प्रमाणात कुणी केला नाही. दात्यांचा पैसा संशोधनाला आला. खरेदी मात्र दर वेळी सर्वांत स्वस्त मालाकडे गेली, आणि खरेदी करणाऱ्याला त्याबद्दल दोष देता येत नाही, कारण त्याच पैशात जास्त मुलांना गोळ्या मिळतात.

आणि प्रतिस्पर्धी कोण आहे हेही पाहायला हवं. इन्सुलिनच्या बाबतीत तो होता कत्तलखान्यातून येणारा गायी-डुकरांचा स्वादुपिंड. चीजसाठी लागणाऱ्या कायमोसिनच्या बाबतीत वासरांचं जठर. जिवाणूंनी बनवलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आलं आणि सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली. दोन्ही टिकले. चीजची मागणी वाढली म्हणून कुणी वासरं जास्त कापत नाही. जनावराच्या अवयवाचा पुरवठा मांसाच्या बाजाराशी बांधलेला असतो, त्यामुळे सूक्ष्मजीवाला तिथे मोकळी जागा मिळाली. आर्टेमिसियाचं तसं नाही. भाव चढला की एका हंगामात शेतं भरतात. नुसता भावाचा मुद्दा असेल तर शेतकऱ्याशी स्पर्धेत फर्मेंटर सहज जिंकत नाही. त्याचा कर्जाचा हप्ता, वीज आणि पगार सुकाळातही चालूच असतात.

शेतकऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. आर्टेमिसियाची शेती करणारी हजारो छोटी कुटुंबं देशोधडीला लागतील, असा आक्षेप त्या काळी काही संघटनांनी घेतला होता. झालं उलटं, यीस्टच मागे हटलं. पण आक्षेप पोकळ नव्हता. सानोफी जगाच्या एक तृतीयांश मालाची तयारी करत असताना पेरणी करावी की नाही, हा प्रश्न केनियातल्या किंवा टांझानियातल्या शेतकऱ्याला पडणारच. प्रकल्पाच्या आखणीत ह्या माणसाला जागा नव्हती, ही मला त्यातली मोठी उणीव वाटते. तो बाजारातला निम्म्याहून मोठा भागीदार होता आणि टेबलावर बसवलेला नव्हता.

यीस्ट मात्र वाया गेलं नाही. एफपीपीपर्यंतचा तो भरून वाहणारा कालवा तसाच होता. अमायरिसने त्याच्या टोकाची चारी बदलून फार्नेसिन काढायला सुरुवात केली, ब्राझीलमध्ये ब्रोटासला उसाच्या रसावर. फार्नेसिनपासून स्क्वालेन बनतं. सौंदर्यप्रसाधनांत ते लागतं, आणि पूर्वी त्यासाठी शार्कची यकृतं काढली जायची. माशांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. कंपनीला मात्र तेवढ्याने तारलं नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता मुलांना मी शेवटी एकच गणित देतो. साल २००४ आहे, तुमच्याकडे ४ कोटी २६ लाख डॉलर आहेत, भाव पुढे १२० ते १२०० डॉलरमध्ये हेलकावे खाणार आहे. कुठल्या किमतीला, किती टन, किती वर्षांसाठी, कुणाशी करार कराल, ते आधी लिहा. यीस्टचं जनुक कुठलं बदलायचं ते त्यानंतर. पहिल्या वेळी बहुतेक जण करारासाठी सोडलेली जागा कोरी ठेवतात आणि जनुकांच्या यादीने पान भरून देतात. मी पान परत करतो आणि कोरी जागा दाखवतो.